वादळ जातं, लाईट येते, अन् दोन दिवसांनी पालक झोपतो

गच्चीवर हायड्रोपोनिक्स, म्हणजे मातीशिवाय पाइपात फिरणाऱ्या खताच्या पाण्यावर भाजी करता त्यांच्यासाठी हे. आधी लक्षणं सांगतो, तुमच्याकडे जुळतात का बघा. वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर गेलं तर स्टँड उभा असतो, पाइप जागेवर असतात, पानं थोडी फाटलेली पण झाडं ताठ, आपण म्हणतो चला वाचलो. मग त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी पालक मान टाकतो, टाकीत पाणी तर भरपूर दिसतं तरी मान टाकतो, संध्याकाळी जरा उठल्यासारखा वाटतो अन् परत दुपारी आडवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खालची पानं पिवळी पडतात, झाड लावलेला कप उचलला तर मुळं चहाच्या रंगाची अन् हाताला बुळबुळीत, टाकीचं झाकण काढलं की गटारीसारखा वास. कोणाकडे पंप नुसता घूंघूं करतो अन् पाइपात थेंब येत नाही. कोणाकडे वरच्या दोन पाइपांत सगळं हिरवंगार अन् खालच्या पाइपात शेवटची सहा झाडं मेलेली. अन् कोणाकडे टाकीच काठोकाठ, म्हणजे रात्रीत पाणी वाढलेलं.

यातलं एक जरी दिसत असेल तरी खालचं वाचा. मी जळगावला पिंप्राळ्याच्या बाजूला राहतो, गच्चीवर पीव्हीसी पाइपाच्या चार ओळी, ७२ कप, खाली १०० लिटरचा ड्रम त्यात ६० लिटर खताचं द्रावण, बाजूला टोमॅटोच्या चार बादल्या. कॉलनीत अन् नातेवाइकांत मिळून अजून सात-आठ जणांकडे असाच संसार आहे अन् आखाजी (अक्षय्य तृतीया) होऊन गेली की मला फोन सुरू होतात, मागच्या वर्षी शिरपूरहून मामेभावाने रात्री साडेअकराला फोन केला, "जिभाऊ, वावधन उनं, आते काय करू?" म्हणजे वादळ आलं, आता काय करू. मी म्हटलं झोप, सकाळी बोलू. हे मी चेष्टेत नाही म्हटलं, खरंच वादळ चालू असताना करण्यासारखं काही नसतं, अन् जे नुकसान होतं ते बहुतेक वाऱ्याने होतच नाही. वाऱ्याने पानं फाटतात, पानं परत येतात. झाड मरतं ते टाकीत काय शिरलं अन् पंप किती वेळ बंद होता त्याने. लोकं मात्र पानांकडे बघत बसतात, फवारण्या करतात, अन् टाकीचं झाकण चौथ्या दिवशी उघडतात.

गच्चीवर जायच्या आधीचं एकच. शेवटचा गडगडाट ऐकू आल्यावर अर्धा तास जाऊ द्या, मग वर जा, पाऊस थांबला म्हणजे वीज थांबली असं नसतं. फोनवर दामिनी ॲप घेऊन ठेवा, पुण्याच्या आयआयटीएमने बनवलेलं आहे, आपल्या आसपास वीज पडतेय का ते दाखवतं. अन् वर जायच्या आधी गच्चीच्या लाईनचा एमसीबी (मेन बोर्डातला सुरक्षेचा खटका) खालूनच पाडा, पंपाचं बटण बंद करून भागत नाही कारण बटण बंद असलं तरी बोर्डात पाणी असू शकतं. मग टॉर्च घेऊन जा. कुठे तार तुटून पडली असेल, शेजाऱ्याची का असेना, तिथूनच मागे फिरा अन् महावितरणच्या १९१२ ला फोन लावा, पालक गेला खड्ड्यात.

आता तपासणी. फुकटच्या गोष्टींपासून सुरू करतो.

सगळ्यात आधी टाकीतल्या पाण्याची रेघ. माझ्या ड्रमवर आतून मार्करने रेघा मारल्या आहेत, दर दहा लिटरला एक. हे एवढं एक काम आज करून ठेवा, दहा रुपयाचा मार्कर लागतो. वादळाआधी पाणी कुठल्या रेघेवर होतं ते फोनवर फोटो काढून ठेवायचं अन् सकाळी परत बघायचं. पाणी वाढलं असेल तर पाऊस आत गेला, कमी झालं असेल तर पाइप हलून कुठेतरी बाहेर सांडतंय, तेवढंच असेल तर निम्मी काळजी मिटली. हे महत्त्वाचं का तर पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच. ६० लिटरला १.४ ईसी (पाण्यात विरघळलेल्या खत-क्षारांचं माप) होता अन् वीस लिटर पाऊस शिरला तर ८० लिटरला १.०५ उरला, म्हणजे झाडाचं जेवण पाव भागाने पातळ झालं, शिवाय त्यासोबत धूळ अन् कबुतराची घाण आली ती वेगळीच.

लोकं विचारतात झाकण लावलेलं असताना वीस लिटर आलं कुठून. माझ्याकडे पहिल्या वर्षी नेमकं हेच झालं होतं, अन् मी झाकणालाच दोष देत होतो. चोर निघाला वरचा प्लास्टिक कागद. पाऊस लागू नये म्हणून स्टँडवर दहा बाय दहाचा कागद ताणला होता, त्याच्यावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर हिशोबाने जवळपास साडेचारशे लिटर पाणी होतं, ते कागदाच्या पोटात साचलं अन् एका कोपऱ्यातून धार लागली ती बरोबर रिटर्नच्या, म्हणजे पाणी टाकीत परत आणणाऱ्या, पाइपाच्या भोकावर. रिटर्नचा पाइप ड्रमच्या झाकणात जिथे शिरतो तिथे जी फट असते ना ती बघा, बहुतेक वेळा तीच. जुन्या सायकलची ट्यूब कापून तिथे कॉलरसारखी गुंडाळायची अन् झिप टाय मारायचा, झालं. कपांमधूनही पाणी येतं, पण कमी, दोन इंचाच्या भोकातून ५० मिलिमीटर पावसात शंभर मिली वगैरे, ७२ कपांचे मिळून सात लिटर, झाडाची पानं मोठी असतील तर ती नरसाळ्यासारखी अजून थोडं आत घेतात. ज्या कपांत झाड नाही तिथे बूच लावा, बाटलीचं झाकण बसवा, काहीही चालेल, उघडं भोक ठेवू नका.

आता वास घ्या. हसू नका, नाक हे सगळ्यात स्वस्त मीटर आहे. ताज्या द्रावणाला वास जवळपास नसतो, ओल्या मातीसारखा थोडा आला तरी चालतो. सडका, गटारीचा वास आला तर पुढचे मीटर-बिटर बाजूला ठेवा, ते पाणी दुरुस्त करत बसायचं नाही, सरळ ओतायचं. तसंच पाणी गढूळ चहासारखं झालं असेल किंवा गच्चीवर साचलेलं पाणी टाकीत शिरलं असेल तर तेही ओतायचं, कारण पालक-कोथिंबीर आपण खाणार आहोत, अन् गच्चीच्या पाण्यात कबुतरांचं काय काय असतं हे मी सांगायला नको. ओतायचं म्हणजे गटारीत नाही, खाली लिंबाला, जास्वंदीला, कढीपत्त्याला थोडं थोडं वाटून घाला, खतच आहे ते.

पंप. एमसीबी बंद असतानाच पंप बाहेर काढा. खान्देशातलं वादळ म्हणजे आधी अर्धा तास धूळ अन् मग पाऊस, त्यामुळे जाळीवर चिखलाचा थर बसतो, त्यात कडुलिंबाचा फुलोरा, पानांचे देठ, एकदा तर माझ्या पंपाच्या तोंडाशी शेजारच्या पतंगाचा कागद निघाला. पुढची जाळी काढा, पंखा बाहेर काढा, त्याला गुंडाळलेलं केस-धागे काढा, जुन्या टूथब्रशने घासा, परत बसवा. पंप घूंघूं करतो अन् पाणी येत नाही तर दहातल्या आठ वेळा हेच असतं. उरलेल्या दोन वेळा आत हवा अडकलेली असते, पाणी कमी झाल्यावर पंप उघडा पडतो अन् हवा ओढतो, मग लाईट बंद ठेवून पंप पाण्यात आडवा-उभा करून हलवा, बुडबुडे निघतील. पुढच्या वेळी पंप नायलॉनच्या मोज्यात घालून वर रबर लावून ठेवा. मोजा स्वच्छ धुतलेला घ्या, आमच्या एका काकांनी नको तो घातला होता अन् आठवडाभर वास कशाचा येतोय ते शोधत होते.

एअर पंप असेल तर तो टाकीच्या पाण्यापेक्षा उंच ठेवलाय का बघा. लाईट गेली की हवेच्या नळीतून पाणी उलटं ओढलं जातं अन् पंपात शिरतं, लाईट आल्यावर पंप गेला. वीस-तीस रुपयांचा एकतर्फी व्हॉल्व्ह मिळतो मत्स्यालयाच्या दुकानात, तो नळीत लावा, बाणाची दिशा बघून लावा.

पंप सुरू केल्यावर प्रत्येक पाइपाच्या शेवटी हात धरा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. पहिल्यात धार चांगली अन् शेवटच्यात थेंब थेंब, असं असेल तर त्या पाइपाला पाणी देणारी बारीक नळी तुंबली, ती काढून फुंकर मारा. आपल्याकडे ठिबकचा सगळा माल कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो, शेताच्या ठिबकला लागतो तसला छोटा जाळीचा फिल्टर पंपाच्या पुढे बसवून टाका, मग ही कटकट निम्मी होते.

इथपर्यंत एक रुपया फार खर्च झाला नाही. आता मीटर.

ईसी किंवा टीडीएसचा पेन अन् पीएचचा, म्हणजे पाणी किती आंबट ते मोजणारा, पेन, दोन्ही लागतात. टीडीएस पेनचा आकडा पीपीएममध्ये येतो, बहुतेक साधे पेन ५०० च्या पट्टीवर असतात म्हणजे ईसी १ ला ५०० दाखवतात, पण काही ७०० च्या पट्टीवर असतात, म्हणून दुसऱ्याचा आकडा ऐकून आपलं खत वाढवू नका. पालकाला मी १.८ च्या आसपास ठेवतो, बाकी बऱ्याच पाल्याला कमी चालतं, टोमॅटोला २ च्या वर, पण उन्हाळ्यात सगळंच थोडं पातळ ठेवतो कारण ४३-४४ अंशाला झाड पाणी जास्त ओढतं अन् टाकीत क्षार मागे राहून ईसी आपोआप चढतो. पीएच ५.५ ते ६.५ च्या मधे हवा. पावसानंतर पीएच दोन्हीकडे पळू शकतो, आमच्या बोअरचं पाणी जड, ते पीएचला वर धरून ठेवतं, त्यात पावसाचं हलकं पाणी मिसळलं की ती पकड सुटते अन् नेहमीइतकं पीएच डाऊन (पीएच उतरवायचं ॲसिड) टाकलं तरी एकदम खाली उतरतो. म्हणून थेंबाथेंबाने, ढवळून, दहा मिनिटं थांबून, परत मोजून. पेन नवा असला तरी आधी बफरच्या, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या, पाण्यात तपासून घ्या, पीएचचा पेन कोरडा ठेवला की खोटं बोलायला लागतो.

खत वाढवायचं असेल तर ए अन् बी, म्हणजे खताचे दोन भाग, वेगवेगळे. इथे माझी फजिती सांगतो. दोन वर्षांमागे रात्री दहाला लाईट आली, मी झोपेत, घाईत एकाच मगात ए अन् बी दोन्ही घट्ट ओतले अन् ढवळले, मगात दही झालं. ए मधलं कॅल्शियम अन् बी मधले सल्फेट-फॉस्फेट घट्ट अवस्थेत भेटले की त्यांचा पांढरा गाळ होतो, तो परत विरघळत नाही अन् झाडाला मिळतही नाही. वरून मी ते टाकीत ओतलं, त्या गाळाने बारीक नळ्या तुंबल्या, म्हणजे वादळाने केलं नाही ते मी केलं. आधी ए टाकीत टाकायचं, नीट फिरू द्यायचं, मग बी.

पाणी अर्ध्याच्या वर पातळ झालं असेल तर मी खत वाढवण्यापेक्षा अख्खी टाकी बदलतो. ६० लिटरचं खत फार महाग नाही, अन् नक्की काय शिरलंय हे माहीत नसलेल्या पाण्याला औषध लावत बसणं मला पटत नाही. कंजूषपणा करायचा तर इतर ठिकाणी करा.

यानंतर मुळं. चार-पाच कप वेगवेगळ्या ठिकाणचे उचला, नुसता पहिला नको. पांढरी किंवा खताने जराशी पिवळसर मुळं, घट्ट, ओढली तर तुटत नाहीत, ती चांगली. तपकिरी, बुळबुळीत, चिमटीत धरून ओढली की बाहेरचं साल निघून आत दोऱ्यासारखं राहतं, तर ती कुज, बहुतेक वेळा पिथियम नावाच्या बुरशीसारख्या जीवाची. लाईट गेल्यावर पाणी फिरत नाही, तापतं, अन् तापलेल्या पाण्यात हवा कमी मावते, २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो तर ३० अंशाला साडेसात, अन् पिथियमला नेमकं गरम, साचलेलं पाणी आवडतं. आपल्याकडे मे महिन्यात ड्रमचं पाणी उघड्यावर ठेवलं तर ३० काय, त्याच्याही वर जातं. म्हणून ड्रम सावलीत, बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळून, त्याने बराच फरक पडतो.

कुजलेलं थोडंच असेल तर ती मुळं कात्रीने कापा, स्वच्छ पाण्यात धुवा, नवीन पाण्यात परत लावा, पानंही तिसरा हिस्सा कमी करा कारण कमी मुळांना तेवढी पानं पाजता येत नाहीत. अर्ध्याच्या वर मुळं गेली असतील तर झाड काढा. लोकांना हे जमत नाही, दोन महिने वाढवलेलं असतं, मलाही जीव होत नाही, पण एक सडलेलं झाड त्याच पाण्यातून बाकीच्या एकाहत्तरांना देतं. सगळी काढल्यावर पाइप अन् टाकी धुवायला ब्लीच वापरायचं तर झाडं बाहेर असतानाच, नंतर तीन-चार वेळा पाणी फिरवून टाका, अन् ब्लीच अन् पीएच डाऊनचं ॲसिड चुकूनही एकत्र येऊ देऊ नका, क्लोरीन वायू निघतो, बाथरूममध्ये धूत असाल तर जास्तच धोका.

आता उतार. ही गोष्ट सगळे विसरतात. वाऱ्याने स्टँड पडला नाही म्हणजे हलला नाही असं नाही, एक पाय दोन इंच सरकला तरी पाइपाचा उतार बदलतो, मधेच पाणी साचतं, अन् ती शेवटची सहा झाडं जी मेलेली दिसतात ना ती त्याच डबक्यात उभी असतात. चाळीसाला एक असा उतार मी धरतो, म्हणजे तीन मीटरच्या पाइपाला साडेसात सेंटिमीटर. लेव्हल पट्टी नसेल तर गवंडी करतो तसं करा, पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकं पाइपाच्या दोन टोकांना धरा, दोन्हीकडे पाण्याची पातळी एकच असते, तिथून मोजा. खाली फरशीचा तुकडा सरकवून उतार परत आणा.

लाईटचा मुद्दा यालाच जोडून. धारेच्या पाइपात पाणी थांबलं की मुळं उघडी पडतात, अन् वादळ दुपारी येऊन गेलं, लगेच ऊन पडलं अन् लाईट मात्र संध्याकाळपर्यंत नाही, असं मेमध्ये नेहमी होतं, तासा-दोन तासांत झाड सुकतं. एक देशी उपाय मी केलाय, पाइपाच्या शेवटच्या एल्बोचं तोंड थोडं वर फिरवून ठेवलं, म्हणजे पाणी बंद झालं तरी शेवटच्या भागात इंचभर पाणी अडून राहतं. एवढं फिरवू नका की मुळं कायम बुडून राहतील, अन् वादळी दिवस संपले की परत खाली. दुसरा उपाय इन्व्हर्टर. माझा पंप १८ वॅटचा आहे, रात्रभर दहा तास चालला तरी १८० वॅट-तास, घरातला जुना पंखा त्याच्या चौपट खातो, त्यामुळे घरात इन्व्हर्टर असेल तर पंपाला त्याच्यावर घेण्यात काहीच जड नाही. पण ती वायर गच्चीवर न्यायचं काम स्वतः करू नका, ते खाली सांगतो. आणि टाकीत वर जागा ठेवा, पंप थांबला की पाइपांतलं सगळं पाणी खाली उतरतं, काठोकाठ भरलेला ड्रम तिथेच सांडतो.

आता सगळ्यात खर्चाचं अन् अवघड, वरची जाळी अन् स्टँड. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट तर जोर चौपट. ताशी ६० किलोमीटरचा वारा सपाट आडव्या आलेल्या कागदावर चौरस मीटरला साधारण १७ किलो दाबतो, म्हणजे दहा बाय दहाच्या कागदावर दीडशे किलोच्या वर. आता तुमचा स्टँड किती किलोचा आहे सांगा. म्हणून प्लास्टिक कागद वादळात नकोच, एक तर पाणी साचतं, दुसरं तो शीड होतो. ५० टक्क्यांची (निम्मं ऊन अडवणारी) शेडनेट बरी, वारा तिच्यातून गाळून जातो. रावेर-यावलकडे केळीवाले बागेच्या कडेने शेवरी नाहीतर गजराज गवत लावतात ते त्याचसाठी, भिंत घातली तर वारा वरून उडी मारून आतल्या बाजूला भोवरा करतो, गवताने तो मंदावतो. गच्चीवर वाऱ्याच्या बाजूला उभी नेट बांधायची ती अशीच, पूर्ण बंद पडदा नको. गारपिटीचं वेगळं, २०१४ च्या मार्चमधली गारपीट ज्यांनी बघितली त्यांना माहीत आहे की गारा वाऱ्यासारख्या गाळल्या जात नाहीत, त्या दिवशी नेटची दुहेरी घडी वर असलेली बरी, अन् ढग भरून आले की बादलीतली टोमॅटो सरळ जिन्यात.

जाळी बांधताना तार वापरू नका, एका झटक्यात सुटेल अशी नायलॉन दोरीची सरकगाठ मारा. ताशी ५०-६० चा इशारा आला की मी जाळी काढूनच टाकतो, पाच मिनिटांचं काम, फाटलेली जाळी बदलायला त्याहून जास्त पैसे जातात. स्टँडला वजन खाली द्या, पायाशी वाळूच्या गोण्या, नाहीतर रंगाच्या रिकाम्या बादलीत सिमेंट काँक्रीट भरून त्यात पाय उभा करा. गच्चीवरच्या प्लास्टिकच्या पाण्याच्या टाकीला स्टँडची दोरी बांधतात लोकं, टाकी रिकामी असली की दोन्ही मिळून उडतात. स्टँडवरचे पाइप नुसते ठेवलेले असतात त्यांना क्लॅम्प मारा.

वादळ झाल्यावर ऊन एकदम कडक पडतं, धुवून निघालेल्या हवेतलं, तेव्हा जाळी लगेच परत चढवा, फाटलेल्या पानांवर ते ऊन भाजतं. पानांवरची धूळ साध्या पाण्याने सकाळीच धुवा. फवारणी दोन-तीन दिवस काहीच नको.

कुठे थांबायचं ते आता स्पष्ट सांगतो.

टाकीत किंवा स्टँडला हात लावल्यावर झिणझिणी आली, अगदी बारीक जरी, तर तिथेच थांबा. मेन बंद, इलेक्ट्रिशियनला फोन, "परत एकदा हात लावून बघतो" हे अजिबात नाही. एमसीबी जास्त करंटला पडतो, माणसाच्या अंगातून जाणाऱ्या गळतीला पडत नाही, त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो, गच्चीच्या लाईनला तो नसेल तर पुढचा रुपया खतावर नाही, त्याच्यावर घाला. आरसीसीबी असेल अन् पडला तर एकदा वर करा, परत पडला तर राहू द्या, तो त्याचं काम करतोय. लाईट आल्यावर घरात काही दिवे एकदम झगमग अन् काही मंद झाले तर न्यूट्रल गेल्याची शक्यता, सगळं बंद करून १९१२. गच्चीवरच्या बोर्डाला पावसाची पेटी, वायरला बोर्डात शिरायच्या आधी खाली झोळ म्हणजे पाणी तिथून टपकून जातं, इन्व्हर्टरची वेगळी लाईन, अर्थिंग, ही सगळी कामं इलेक्ट्रिशियनकडूनच. यूट्यूब बघून मी एकदा करायला गेलो होतो, पुढे काय झालं ते घरच्यांना माहीत आहे.

स्टँडचा वेल्ड फुटला किंवा पाय वाकला तर दोरीने बांधून चालवू नका, वेल्डरकडे न्या. स्टँड स्लॅबला फास्टनरने ठोकायचा विचार असेल तर आधी वॉटरप्रूफिंगवाल्याला विचारा, एक भोक चुकीचं पडलं की जुलैमध्ये खालच्या खोलीत गळती. अन् १०० लिटरचा भरलेला ड्रम म्हणजे १०० किलो, चार ड्रम एकाच कोपऱ्यात ठेवले तर चारशे, घर जुनं असेल, स्लॅबला तडे असतील तर सिव्हिल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय नको, अन् मातीच्या धाब्यावर तर विषयच सोडा.

मुळांची कुज दोनदा पाणी बदलून, टाकी धुवूनही परत आली तर दुकानदाराच्या सांगण्यावरून बुरशीनाशक टाकीत ओतू नका, ते पाणी सरळ खाण्याच्या पानात जातं. दोन झाडं मुळांसकट ओल्या कागदात गुंडाळून अन् थोडं पाणी बाटलीत भरून कृषी विज्ञान केंद्रात न्या, जळगावकरांना ममुराबाद जवळ, रावेरकडच्यांना पाल, धुळेकरांना कृषी महाविद्यालय आहेच. सोबत ईसी-पीएचचे आकडे लिहून न्या, कारण पहिला प्रश्न तोच येतो.

अन् एक, रोहिणी लागली की म्हणजे २५ मेच्या सुमारास मी पालक अन् तांदुळजाच्या रोपांचा एक ट्रे खाली ओट्यावर सावलीत लावून ठेवतो, गच्चीवर नेतच नाही. मृगाच्या वादळात वरचं गेलं तर पंधरा दिवसांची रोपं तयार असतात, नाही गेलं तर शेजारच्या वहिनी मागायला येतातच.